करुणा आणि तिची तटबंदी

सवाई जयसिंहांनी १७२७ साली वसवलेल्या जयपूरच्या जुन्या शहराला तेथील लोक ‘चारदीवारी’ म्हणतात. या आखीव नगराची ओळख जितकी तटाशी, तितकीच चांदपोल, सूरजपोल, अजमेरी, सांगानेरी या दरवाजांशी निगडित आहे. मार्च २०२० च्या अखेरीस चारदीवारीतील रामगंज भागात कोरोनाचा संसर्ग पसरला आणि संचारबंदी लागू झाली. सर्वसामान्यांसाठी रस्ते बंद झाले, तेव्हा आरोग्यसेवकांची पथके मात्र त्याच गल्ल्यांतून दारोदार फिरत होती. इतरांनी जेथून दूर राहावे तेथे जाणे हेच ज्यांचे कर्तव्य, त्यांच्या मनाला तटबंदी असावी काय, आणि असल्यास कशी? हा प्रश्न महामारीने निर्माण केला नाही. तिने तो केवळ उघडा केला. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलीपुढे तो पहिल्या वर्षीच उभा राहिलेला असतो.

भारतात वयाची १७ वर्षे पूर्ण होताच या शिक्षणक्रमात प्रवेश मिळू शकतो. त्या वयात अन्य शाखांचे विद्यार्थी दुःखाची ओळख पुस्तकांतून करून घेत असतात. ही मुलगी मात्र परक्या माणसाचा वेदनाग्रस्त देह हाताळते, त्याची मलमूत्रे उचलते, प्रसंगी त्याचा मृत्यू पाहते आणि वसतिगृहात परतून परीक्षेच्या अभ्यासाला बसते. तिची झोप उडाली, अन्न गोड लागेनासे झाले, तर वडीलधाऱ्यांचा उपदेश ठरलेला असतो: मन घट्ट कर. हा उपदेश चुकीचा नाही. पण तो संदिग्ध आहे. वेदना पेलू शकणारे मन आणि वेदना न जाणवणारे मन, दोन्ही बाहेरून सारखीच घट्ट दिसतात. एक धैर्य असते, दुसरे निबरपणा.

लंडनमधील एका शिक्षण-रुग्णालयाचा अभ्यास करून इझाबेल मेन्झिस यांनी १९६० साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय नेमका हाच होता. रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने वा बिघडलेल्या अवयवाने करणे, एकाच रुग्णाचे काम अनेकींत तुकड्यातुकड्यांनी वाटणे, प्रत्येक कृतीला विधीचे रूप देणे, या प्रथांमागे कार्यक्षमतेपेक्षा भय अधिक होते, असे त्यांना आढळले. दुःखाशी समोरासमोर गाठ पडू नये म्हणून संस्थेनेच हा तट उभारला होता. त्याने भय कमी झाले नाही. भयाला सामोरे जाण्याचे शिक्षण तेवढे खुंटले. तेथील सुमारे एकतृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडत, आणि त्यांत गुणी मुलीही पुष्कळ असत. ज्या मनाला दुःख जाणवते ते या व्यवसायाला नालायक, असा निष्कर्ष यावरून काढणे म्हणजे रोगालाच वैद्य मानणे होय.

भारतीय विचारपरंपरेत या पेचाचा सूक्ष्म विचार झाला आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना बौद्धांनी आणि योगसूत्रांनीही सांगितल्या. पाचव्या शतकातील बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात प्रत्येकीचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू दाखवला. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. ते सहज ओळखू येते. तिचा जवळचा शत्रू मात्र शोक, कारण तो करुणेसारखाच भासतो. उपेक्षेचा, म्हणजे समचित्ततेचा, जवळचा शत्रू अज्ञानातून येणारी बेफिकिरी. मराठीत ‘उपेक्षा’ या शब्दाला आज केवळ हेळसांडीचा अर्थ उरला आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे: समचित्तता आणि बेफिकिरी यांतील सीमारेषा भाषेतूनही पुसली गेली. रुग्णासह बुडणे आणि रुग्णाला न पाहणे या दोहोंच्या मधली ती अरुंद वाट सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला एकटीने सापडावी, ही अपेक्षा मात्र अन्याय्य ठरते.

ती एकटीने शोधावी लागत नाही, याचा दाखला मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, त्या तेथेच अंथरुणाला खिळून होत्या. अखेरच्या वर्षांत त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांपैकी अनेकींचा १९७३ साली जन्मही झालेला नव्हता. दयामरणाची याचिका पिंकी विराणी यांनी करुणेपोटीच केली होती, परिचारिकांचा विरोधही करुणेपोटीच होता. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली आणि प्रत्यक्ष सेवा करणाऱ्यांचा अधिकार मानला. त्या निर्णयाविषयी मतभेद राहतील. परंतु एवढे निर्विवाद आहे की, एकीने पेलले असते तर तिला मोडून टाकणारे ते ओझे पाळीपाळीने वाटले गेले, म्हणूनच पेलले गेले.

तथापि या कथेला दुसरी बाजू आहे. जी संस्था सेवेची शपथ घेते, तिच्याच भिंतींच्या आत सेविका सुरक्षित नव्हती. विद्यार्थिनीला ध्यानधारणा शिकवणे, समुपदेशकाकडे धाडणे हे उपाय हितकारक आहेत. पण अपुरी विश्रांती, अपमान आणि असुरक्षितता तशीच ठेवून केवळ तिच्या सहनशक्तीची मशागत करणे म्हणजे संस्थेचे ऋण तिच्या मनाच्या खात्यावर मांडणे होय. करुणा मागण्याचा नैतिक अधिकार ती देणाऱ्यालाच पोहोचतो.

तट नको असे नाही. तटावाचून मन टिकत नाही. प्रश्न दरवाजांचा आहे. रडलेल्या मुलीला त्या रात्री कुणाशी बोलता आले काय, तिच्या जागी दुसरी उभी राहिली काय, आणि सकाळी ती खाटेच्या क्रमांकाकडे गेली की माणसाकडे, यावरच त्या तटाची परीक्षा होते.