आधी जाऊन आलेली

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो संपली, रेडिएशनचे शेक घेऊन झाले आणि 'आता तीन महिन्यांनी या' म्हणत डॉक्टरांनी फाइल हातात ठेवली, की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. बाईचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीहून वाडीगोद्रीला यायचं, तिथून हायवेवरची एसटी धरून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय गाठायचं. उपचाराची वाट निदान माहीत तरी आहे. पण परत आल्यावर कापूस वेचायला जावं की नाही, हे कोण सांगणार? काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातला द्राव नीट वाहून जात नाही. वाळल्या बोंडांची टोकं ओरखडतात, त्यातून जंतू शिरले की हात सुजतो. ही सूज सगळ्यांत आधी बांगड्यांना कळते. काल सहज चढलेली बांगडी आज अंगठ्यापाशी अडते. चोळीत एका बाजूला काय ठेवलं म्हणजे खुरपायला वाकल्यावर ते सरकणार नाही, हे सर्जनला विचारायला जीभ रेटत नाही. नवऱ्याला तर नाहीच नाही. ते विचारता येतं फक्त आधी जाऊन आलेल्या बाईला.

न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांनी 1952 मध्ये हेच ओळखलं. स्वतःचं ऑपरेशन झाल्यावर त्या दुसऱ्या बायकांच्या खाटेशी जाऊन बसू लागल्या. हाताच्या व्यायामासाठी दोरी, चेंडू आणि तात्पुरता कृत्रिम स्तन एवढं सामान बरोबर असे. काही डॉक्टरांना हे मुळीच रुचलं नाही, पण त्यातूनच 'रीच टू रिकव्हरी' ही चळवळ देशोदेशी गेली. मुंबईत स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी 1994 मध्ये 'व्ही केअर' सुरू केलं. दुसरीकडे जयश्री रतन आणि त्यांच्या सोबतिणी सुती धाग्यांनी कृत्रिम स्तन विणतात आणि ते मोफत देतात. हलके, धुता येणारे. शेतातल्या घामात हे फार मोलाचं आहे.

आपल्या गावांत मायेची वाण नाही. भेटायला माणसं येतात, शहाळी आणतात, डोळ्यांना पदर लावतात. पण बरी झालेली बाई गप्प राहते. लेकीची सोयरीक मोडेल ही भीती असते. कॅन्सर शिवाशिवीने होत नाही, तरी ताट-वाटी वेगळी निघालेली तिने पाहिलेली असते. तिचं गप्प बसणं मला समजतं, त्याचा राग येत नाही. पण त्यामुळे पुढच्या प्रत्येकीला वाटतं, अख्ख्या पंचक्रोशीत हे माझ्याच वाट्याला आलं.

अंतरवालीला सोबत बसणं शिकवायला नको. 2023 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात इथेच मराठा आरक्षणासाठी चाललेल्या मनोज जरांगे पाटलांच्या उपोषणाच्या मंडपात बायाही ठाण मांडून होत्या. हजारो डोळ्यांसमोरचं ते बसणं होतं. इथे चार भिंतींआडचं बसणं हवं आहे, आणि त्यासाठी एकच बाई पुरते.

सुरुवात आशाताईला करता येईल. गावातली कोण उपचार घेऊन आली, हे तिला बहुधा ठाऊक असतं. ते नाव तिने परस्पर कुणाला सांगू नये. आधी त्या बाईलाच विचारावं, 'अक्का, अमकीचं ऑपरेशन ठरलंय, बोलशील का तिच्याशी?' ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोडावा. हो म्हणाली तर औषधाचे सल्ले आणि ऐकीव काढे सोडून बाकी सगळं तिने मनमोकळं बोलावं: केस कधी उगवले, हात कधी डोक्यावर गेला, नवरा कसा वागला. आणि सासू-नणंदांनी तेवढा वेळ ओसरीवर बसावं. दार लोटून घ्यावं लागेल, कारण भरून आलेली जखम कशी दिसते, हे त्या दुसरीला बघायचं असतं.