मान कुणाची, मान कुणाला?

पोट भरलेल्या माणसाला आग्रह करून जिलबी वाढता येते. पण ज्याच्या दारात चार मोटारी उभ्या आहेत त्याला पाचवी विकायची कशी? चाकं त्याला नकोत, ती सोळा आहेत. मग विकायचं तरी काय?

रोल्स-रॉइसनं १९५८ साली शांतता विकली. डेव्हिड ओगिल्वी या जाहिरातपंडितानं लिहिलं की, ताशी ६० मैलांच्या वेगात या गाडीत सर्वांत मोठा आवाज होतो तो विजेच्या घड्याळाचा. (मी ज्या वाहनांतून आयुष्य काढलं, त्यांत घड्याळ तेवढं गप्प असे!) टोयोटानं १९८९ साली आपली थाटाची गाडी अमेरिकेत नेली, ती स्वतःचं नाव बाजूला ठेवून. 'लेक्सस' हे नवं कूळच काढलं. जाहिरातीत बॉनेटवर शॅम्पेनच्या पेल्यांचा मनोरा रचला, चाकं भरधाव फिरवली. एक पेला हिंदकळेल तर शपथ!

फोक्सवॅगनला मात्र हे कूळ बदलणं सुचलं नाही. या नावाचा अर्थच मुळी 'लोकांची गाडी'. २००२ साली तिनं 'फेटन' ही बिनीची गाडी काढली. त्यासाठी ड्रेस्डेनमध्ये काचेच्या भिंतींचा कारखाना बांधला. नाव ठेवणाऱ्याला मात्र दंडवत! ग्रीक पुराणातला फेटन म्हणजे सूर्याचा मुलगा. बापाचा रथ हट्टानं मागितला, घोडे आवरेनात आणि बिचारा कोसळला. म्हणजे बारशालाच अपघात. गाडी उत्तम होती. तरी २००६ साली ती अमेरिकेतून मागे घ्यावी लागली आणि २०१६ साली बंद पडली.

गंमत पुढेच आहे. त्याच घरातल्या बेंटलीनं २००३ साली 'कॉन्टिनेंटल जीटी' काढली. सांगाडा पुष्कळसा तोच, बारा सिलिंडरच्या इंजिनाचं घराणंही तेच. रूप आणि नाव तेवढं निराळं. ती मात्र खपली.

आता सांगा, यात फसवलं कुणी कुणाला? बेंटली घेणारा फसला म्हणावं, तर त्याला हवं होतं ते मिळालं. त्याला सांगाडा नको होता, लोकांच्या नजरा हव्या होत्या. फेटन घेणाऱ्याला नुसती गाडी मिळाली. आपल्याकडे गुप्तदानाचं पुण्य सांगितलंय खरं, पण देवळाच्या पायऱ्या बघा! फरशीफरशीवर देणाऱ्याचं नाव. मग गुप्त श्रीमंतीला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

आणि इथंच आपण, म्हणजे तुम्ही-आम्ही, आत येतो. या गाड्यांच्या जाहिराती घेऊ शकणाऱ्यांपेक्षा न घेऊ शकणारेच जास्त वाचतात. ते कंपनीला चालतं, नव्हे, हवंच असतं. ही गाडी मोठ्या माणसाची, हे मला ठाऊक नसेल तर त्या बिचाऱ्यानं पैसे कशाला मोजायचे? ती रस्त्यानं गेली की माझी मान वळते. त्या किमतीतला भला मोठा हिस्सा त्या वळलेल्या मानेचा असतो. कंपनी तो विकते, तो गृहस्थ विकत घेतो, आणि माल पुरवणाऱ्या मला छदाम मिळत नाही.

तेव्हा विकणाऱ्याला आणि मिरवणाऱ्याला नावं ठेवण्याआधी मी आपल्या मानेकडे बघावं हे बरं. मराठीनं गळ्याला आणि आदराला एकच शब्द ठेवलाय, तो उगीच नाही. ती कुठं वळवायची आणि तो कुणाला द्यायचा, एवढं तरी अजून माझ्या हातात आहे. आणि त्याला लायसन्स लागत नाही.