घमेलं

केसनंद फाट्याच्या अलीकडे, आमच्या मागच्या गल्लीत आज एका दुमजली घराचा स्लॅब टाकतायत. वाघोलीतल्या टॉवरांना आता पंपानं काँक्रीट चढतं. गल्लीबोळातली घरं अजून हातांनीच भरली जातात. सकाळी नारळ फुटला, मिक्सर फिरू लागला. मी चहा घेऊन गॅलरीत उभा राहिलो.

परांचीवर खालपासून वरपर्यंत पंधरा-वीस माणसं, बाया आणि बाप्ये. भरलेलं घमेलं या हातातून त्या हातात. रिकामी घमेली वरून सरळ भिरकावली जातात. भरलेलं कुणी फेकत नाही.

मी बराच वेळ नुसते हात बघत होतो. वरच्या बाईनं काठ धरला, तरी खालच्याची बोटं घमेल्याला लागलेलीच. वजन तिच्याकडे गेलं, ते त्याला कळलं, मगच बोटं सुटली. तेवढा अर्धा क्षण घमेलं दोघांचं असतं.

माक्स रिंगलमान या फ्रेंच अभियंत्यानं दोर ओढणाऱ्या माणसांचा जोर मोजला होता. १९१३ साली त्यानं ते प्रसिद्ध केलं. माणसं वाढली, की प्रत्येकाचा जोर घटतो. आठ जणांत तर जेमतेम निम्मा उरतो. दोराला कुणाचा हात सैल पडला ते कळत नाही. घमेल्याला कळतं.

आजोळी सावड असायची. आज तुमच्या रानात, उद्या आमच्या. कापणीला भलरीची गाणी सुरू झाली, की मागं राहिलेल्याला हाका माराव्या लागत नसत. विळा आपोआप तालावर यायचा.

खराडीच्या ऑफिसात आमचं काम मेलवरून पुढं जातं. गेल्या आठवड्यात मी एक फाईल अशीच पुढं धाडली आणि ‘दिलंय’ म्हणून मोकळा झालो. टीममधली नवी मुलगी दोन दिवस त्यात एकटीच चाचपडत होती. माझ्यापासून चार खुर्च्यांवर. तिनं विचारलं नाही, मीही वळून पाहिलं नाही. ते अजून मनातून जात नाही.

उन्हं वर आली. मधल्या एका कोवळ्या पोराचे हात आता थरथरू लागलेत. घमेलं त्याच्या छातीशीच अडतंय. मुकादमाचं लक्ष मिक्सरकडे आहे. रांग थांबलेली नाही, कुणी काही बोललेलंही नाही. त्याच्या वरच्या बाईनं एक पाय खाली घेतलाय, आणि आता ती वाकून घमेलं उचलतेय.