प्राणवायू, पण किती?

जोसेफ प्रीस्टली पेशाने धर्मोपदेशक. १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमधल्या बोवुड हाउसमध्ये त्याने भिंगातून ऊन एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं. निघालेल्या वायूत मेणबत्ती भडकून जळू लागली. पुढे त्याच वायूत उंदीर कोंडला. साध्या हवेत जो पाव तासात गळपटला असता, तो अर्धा तास टिकला. मग प्रीस्टलीने स्वतः तो हुंगला. छाती हलकी झाल्यासारखी वाटली.

दुसरा कुणी हरखला असता. प्रीस्टलीमधला उपदेशक मात्र विचारात पडला. या वायूत मेणबत्ती भराभर संपते, तसं आयुष्यही संपेल का? निसर्गाने दिली तेवढीच हवा आपल्या लायकीची, असं एखादा नीतिवादी म्हणेल, हेही त्याने नोंदवलं.

त्याची पहिली शंका अगदीच फोल नव्हती. तो वायू म्हणजे प्राणवायू. हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो. अमेरिकेतले कामगार-सुरक्षा नियम १९.५ च्या खाली तो अपुरा धरतात, २३.५ च्या वर आगीला आमंत्रण. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ या अंतराळयानाच्या चाचणीत आत निव्वळ प्राणवायू होता, तोही बाहेरच्या हवेहून जास्त दाबाने. आग लागली आणि क्षणात पसरली. आत उघडणारं दार दाबामुळे उघडेना. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे अंतराळवीर आतच गेले.

खालची हद्द जास्त दगाबाज.

छांदोग्य उपनिषदात प्राण निघू लागताच बाकीची इंद्रियं गयावया करून त्याला थांबवतात. नायट्रोजन भरलेल्या टाकीत ती गप्प असतात. जीव गुदमरतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने. नुसता प्राणवायू घटला तर माणूस धाप न लागताच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. विहिरीत आधी कंदील सोडायची जुनी युक्तीही अपुरी: हायड्रोजन सल्फाइडने माणूस मरेल, कंदील जळत राहील.

गटारात संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं भारतात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी उतरवतात, आणि कुणी उतरायचं हे बहुतेकदा जात ठरवते. प्रीस्टलीच्या नीतिवाद्याने लायकी काढली ती अख्ख्या मानवजातीची. इथे ती एकेकाची काढली जाते. खरं तर काम मिनिटांचं आहे. झाकण काढायचं, वायू मोजणाऱ्या मीटरची नळी आधी वर, मग मधे, मग तळाशी सोडायची, आणि आकडा सुरक्षित हद्दीत स्थिरावेपर्यंत कमरेला दोर बांधलेल्या माणसाला काठावरच बसवून ठेवायचं.