जय आणि व्यवसाय : गीता १०.३६

आजचा श्लोक दहाव्या अध्यायातला छत्तिसावा. विभूती सांगता सांगता श्रीकृष्ण इथे म्हणतात की छळणाऱ्यांचं द्यूत मी, तेजस्व्यांचं तेज मी, विजय मी आणि व्यवसायही मीच. व्यवसाय म्हणजे इथे धंदा नव्हे, ठरवून नेटाने केलेला उद्योग. हिमालय, गंगा, पिंपळ यांच्या पंगतीत विजय, आणि त्याच्याही आधी जुगार! पहिल्यांदा वाचणारा इथे अडखळतोच.

मला हा श्लोक विणताना आठवतो. आमच्या विणकाम करणाऱ्या मैत्रिणींमध्ये दर डिसेंबरात चढाओढ असते : नवजात बाळांसाठी महिन्याभरात कोण जास्त टोप्या करतं. पनवेलला कसली आलीय थंडी, असं लोक विचारतात. पण बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, ऊब तिथून भराभर जाते. लवकर जन्मलेल्या बाळाला तर टोपी हवीच. मी लोकलमध्ये विणते. पनवेलला गाडी सुटते तिथेच बसायला मिळतं, त्यामुळे सीएसएमटीपर्यंत घेर पूर्ण होतो. गेल्या वर्षी तेवीस झाल्या. चढाओढ नसती तर पाच-सहाच्या पुढे गेले नसते, हे मला पक्कं माहीत आहे.

आता अडचण अशी की सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगितलंय ते परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं. फळावर डोळा ठेवून दिलेलं ते राजस. यादीतल्या पहिल्या नंबरावर डोळा ठेवून विणलेली टोपी मग राजसच म्हणायची. पण राजस टोपीतही बाळाला ऊब तेवढीच मिळते.

शर्यतीचेही प्रकार असतात. २००६ साली तुरिनच्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी कॅनडाच्या स्टेफनी पर्ल-मॅकफी यांनी विणणाऱ्यांना आव्हान दिलं : उद्घाटनाच्या वेळी पहिले टाके घाला, ज्योत विझायच्या आत काम संपवा, आणि काम असं निवडा की स्वतःलाच अवघड जाईल. शर्यत स्वतःशी. उलट ३१ जानेवारी २०१६ ला चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण जोडून गिनेस विक्रम केला. म्हणजे जवळजवळ पावणेतीन एकर! शेकडो बायकांचे खांब आणि साखळ्या त्यात आहेत. विक्रम एकीचा नव्हे, आणि पांघरुणं नंतर गरजूंना दिली. श्लोकात विजयाच्या लगेच पुढे व्यवसाय येतो, तो मला या दोन्ही ठिकाणी दिसतो.

द्यूतही दिसतं. आमच्या नियमात लहान टोपी एक आणि मोठी टोपीही एकच. मग सगळ्या लहानच विणतात, सैल टाक्यांनी, भराभर. ऑफिसातही हेच : कामाला गुण लावले की महिन्याभरात गुण फुगतात, काम तेवढंच राहतं. नियम मोडलेला नसतो, तरी फासे कुणीतरी वळवलेले असतात.

हे सगळं मी सासूबाईंमुळे लिहितेय. माझ्या हातातली सुई त्यांनी दिलेली. त्यांची बोटं आता आखडतात. गेल्या डिसेंबरात त्यांच्या दोन टोप्या झाल्या, पण कड अशी मऊ की कपाळावर वळ उठणार नाही. यादीत तेविसाच्या खाली दोन दिसल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, माझं नाव नको घालूस. टोप्या तेवढ्या पाठव."

मी पाठवल्या. पण ते वाक्य अजून सुटलेलं नाही. त्या नंबराच्या मोहातून मोकळ्या झाल्या, की आमच्या चढाओढीने सगळ्यात जाणत्या हाताला बाहेर काढलं? दोन्ही खरं असू शकतं. त्यांना विचारलं तर म्हणतात, "तुझी लोकर संपत आली बघ." यंदा मी मैत्रिणींना सुचवलंय की मोजायच्या असतील तर सगळ्यांच्या मिळून मोजू, चेन्नईसारख्या. दोघी-तिघींना पटलेलं नाही. मजाच जाईल, म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. माझ्या तेवीसपैकी किती होतील, सांगता येत नाही.

उद्या श्लोक ३७. त्यात श्रीकृष्ण समोर बसलेल्या अर्जुनाचंच नाव विभूतींमध्ये घेतात.