मदतीचा मुक्काम

हैदराबादेत आबिड्सहून कोठीमार्गे अफजलगंजला उतरलं की उस्मानिया रुग्णालय लागतं. त्याच्या आवारात, मुसी नदीच्या अंगाला, चिंचेचं एक जुनं झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदी शहरात शिरली, तेव्हा या झाडावर चढलेली सुमारे १५० माणसं वाचली, असं हैदराबादकर सांगतात. त्या पुरात सुमारे १५,००० माणसं गेली असा अंदाज आहे.

वाचलेल्यांत एक तरुण कवी होता, अमजद हैदराबादी. त्याची आई, पत्नी आणि मुलगी पुरात वाहून गेली. पुढे उर्दू रुबाईचा मोठा कवी म्हणून त्याची कीर्ती झाली. तो १९६१ पर्यंत जगला. पूर दोन दिवसांत ओसरला, पण अमजदला त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं काढायची होती. आपत्तीतून वाचलेल्या प्रत्येकापुढे अशीच वर्षं उभी असतात. मदत करताना आपण हिशेब मात्र पहिल्या आठवड्याचाच करतो.

तो पहिला आठवडाही मोलाचाच. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी बेघरांसाठी आपले वाडे उघडले, अन्नछत्रं चालवली. आबिड्सजवळ नामपल्ली स्टेशन रस्त्यावर ज्यांचं ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ हे घर आजही उभं आहे, त्या सरोजिनी नायडू मदतकार्यात उतरल्या. समाजसेविका अमिना हैदरीही उतरल्या. भुकेल्याला भाकरी आणि भिजलेल्याला कोरडं वस्त्र त्याच दिवशी लागतं, उद्या देऊन चालत नाही.

पण हैदराबादनं तेवढ्यावर काम संपवलं नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेल्या आणि खडकवासला धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवणाऱ्या अभियंता विश्वेश्वरय्यांना १९०९ मध्ये पाचारण करण्यात आलं. पूर अडवण्यासाठी नदीच्या वरच्या अंगाला जलाशय बांधावेत, हा त्यांचा सल्ला. मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला, ईसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये. मधल्या काळात गादीवरचे निजाम बदलले, काम मात्र सुटलं नाही. ज्यांनी पुरात आपली माणसं गमावली, त्यांच्या मुलानातवंडांना या जलाशयांचं संरक्षण मिळालं.

एके काळी याच हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्री निजलेली गावं भूकंपात ढिगाऱ्याखाली गेली. किल्लारी आणि आसपासच्या परिसरात हजारो माणसं दगावली. धान्य, कपडे, तंबू घेऊन महाराष्ट्र धावला. त्यात शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं वेगळी जबाबदारी पत्करली. भूकंपग्रस्त घरांतली सुमारे १,२०० मुलं पुण्याला आणून त्यांचं शिक्षण पुरं करायचं! एका मुलाला पाचवीतून दहावीपर्यंत न्यायचं तरी पाच वर्षं लागतात. त्या पाच वर्षांत वर्तमानपत्रातून भूकंप केव्हाच नाहीसा झालेला असतो. फी, वह्या, आजारपण आणि रात्री दचकून उठणं मात्र चालूच असतं.

सगळ्यांना धरण बांधता येणार नाही, हजार मुलंही सांभाळता येणार नाहीत. एका घराशी नातं मात्र प्रत्येकाला जोडता येईल. पुढच्या वेळी कुठे पूर आला, दरड कोसळली, धरणी हादरली, तर पहिल्या दिवशी जमेल ते द्याच. देताना त्यांना काय हवं आहे ते आधी विचारा. आणि सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा त्याच दारी जा. पोराची फी भरली का, शेतात पेरणी झाली का, म्हातारीला झोप लागते का, एवढं विचारा आणि जे अडलं असेल त्याला हात लावा. सगळे परतल्यावर जो थांबतो, त्याची गरज वाचलेल्या माणसाला सर्वांत जास्त असते.