टाकी भरण्याचा हक्क

अपघातात मृत्यू घडवून पळून जाणाऱ्या चालकासाठी भारतीय न्याय संहितेत असलेल्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध ट्रकचालकांनी १ जानेवारी २०२४ला गाड्या उभ्या केल्या आणि महाराष्ट्रभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारीच्या रात्री सरकारशी चर्चा होऊन आंदोलन निवळलं. संप जेमतेम दोन दिवसांचा, म्हणजे टंचाईचा मोठा भाग भीतीनेच घडवला होता. दोन लीटरवर आठवडा काढणारे हजारो लोक एकाच दिवशी टाकी काठोकाठ भरू लागले, तर कुठलाच पंप पुरा पडणार नाही. चंद्रपूरच्या ऊर्जानगरसारख्या, महाऔष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीलाही यातून सुटका नाही. वीज शेजारी तयार होते, पेट्रोल मात्र टँकरनेच येतं. गरजेपेक्षा जास्त घेणं हीसुद्धा चोरीच, असं गांधीजींनी १९३०मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत मांडलं होतं. मला ते पटतं.

यावर आक्षेप येतो की पैसे मोजून घेतलेली वस्तू चोरीची कशी? शिवाय घरच्यांची काळजी घेणं हाही धर्मच. दोन्ही म्हणणी खरी आहेत. उद्या कामावर जाण्यापुरतं पेट्रोल घेणाऱ्याला कुणी दोष देऊ नये. पण डबे, कॅन भरून नेणाऱ्याची गोष्ट वेगळी. ‘मी एकट्याने थांबून काय होणार?’ हा प्रश्न तोटा सगळ्यांत सारखा वाटला जातो असं धरून चालतो. तसं होत नाही. तो रांगेतल्या शेवटच्या माणसावर पडतो, आणि भामरागड किंवा एटापल्लीहून रुग्ण घेऊन गडचिरोलीला निघालेल्याला पुढचा पंप जवळ नसतो. त्याच्यासाठी साठा राखून ठेवणं प्रशासनाचं काम आहे, पण तसा आदेश निघेपर्यंतचे तास ग्राहकांच्याच हाती असतात.